डाव्या डोळ्याचा कार्बन

नलूताई शिर्क्यांची गोष्ट मी आजवर ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांतले निम्मे लोक "काय बाई आहे!" असं म्हणाले आणि उरलेले निम्मेही "काय बाई आहे!" असंच म्हणाले. फक्त दोन्ही निम्म्यांचा सूर वेगळा. मी स्वतः कुठल्या सुरात सांगते, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमची ओळख झाली ती एका छोट्या कंपनीत. बडोद्याच्या बाहेर, कारखान्यांच्या वस्तीत आमची दोन मजल्यांची जागा होती. काम होतं शेतातल्या मातीत कार्बन किती आहे ते मोजण्याचं. झाडं हवेतला कार्बन घेतात. त्यांची मुळं, पाला, शेणखत मातीत कुजलं की त्यातला काही कार्बन मातीतच राहतो. तितका हवेतला कमी झाला म्हणून शेतकऱ्याला मोबदला द्यायला परदेशात लोक तयार आहेत. अडचण एवढीच, की मातीत तो खरंच वाढला हे दाखवायचं कसं? प्रत्येक शेतातली माती प्रयोगशाळेत तपासायची तर शेतकऱ्याला मिळणाऱ्या मोबदल्यापेक्षा तपासणीच महाग पडते. आणि नुसता अंदाज सांगितला तर कुणी विश्वास ठेवत नाही.

आमचे मालक मेहुलभाई यांनी यावर हातात धरायचं एक यंत्र काढलं होतं. मातीवर ठेवलं की ते प्रकाश टाकायचं आणि परत आलेल्या प्रकाशावरून आकडा सांगायचं. पण यंत्राला आधी शिकवावं लागतं. त्यासाठी काही माती हाताने, जुन्या पद्धतीने तपासायची, तो आकडा यंत्राला सांगायचा आणि म्हणायचं, बाबा रे, अशी दिसणारी माती म्हणजे इतका कार्बन. हाताने तपासायचं काम नलूताईंचं. त्यांचे आकडे आणि यंत्राचे आकडे कॉम्प्युटरवर जुळवायचं काम माझं.

त्या तेव्हा साठीच्या अलीकडे होत्या. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत जन्म काढून निवृत्त झालेल्या. ठेंगण्या, सुती साडी, पायांत कॅनव्हासचे बूट, साडीवर पांढरा कोट आणि कोटाला ॲसिडने पडलेली भोकं. राहायला बडोद्याच्या वाडी भागात, एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर. तिथून पाणीगेटपर्यंत चालत यायच्या आणि कंपनीची गाडी पकडायच्या. मी जवळच्याच घडियाळी पोळातली, त्यामुळे गाडीत आमचा बाक एक झाला. त्यांचं घराणं सरदारांच्या पागेतलं. "आमच्याकडे तलवार होती," त्या सांगायच्या, "ती भावाकडे गेली. माझ्याकडे आजीचा तराजू आला. मला वाटतं मीच फायद्यात राहिले. म्हणजे, तेव्हा वाटलं होतं."

ऑफिसात त्या नलिनीबेन, वाडीत नलूताई. मोजायच्या गुजरातीत, ओरडायच्या मराठीत, आणि भाजीवाल्याशी का कोण जाणे हिंदीत बोलायच्या. कधी कधी तिन्ही एकाच वाक्यात यायचं आणि मग त्या मध्येच थांबून म्हणायच्या, "थांब, मी गोंधळले."

हे त्यांचं पेटंट वाक्य. दुसरं कुणी गोंधळलं तर लपवतं. नलूताई जाहीर करायच्या, तेही जराही न लाजता, चष्मा विसरला म्हणावं तसं. मेहुलभाईंनी पहिल्याच दिवशी त्यांना विचारलं होतं, "बेन, एका शेतात किती ठिकाणची माती घ्यावी लागेल?" त्यांनी उलट विचारलं, "कुठलं शेत?" मेहुलभाई म्हणाले, "कुठलंही. समजा एक शेत." त्यावर त्या म्हणाल्या, "समजा म्हटलं की मी गोंधळते."

मेहुलभाई माणूस चांगला, पण त्यांना सगळं कमीत कमीत बसवायचं असायचं. एकदा मीटिंगमध्ये ते म्हणाले, "तुमच्या मराठीतच म्हण आहे ना, शितावरून भाताची परीक्षा? मग शेताच्या मधोमध एक खड्डा काढू. पुरे."

दुसऱ्या दिवशी नलूताई लिलो चिवड्याचा मोठा डबा घेऊन आल्या. आमच्या बडोद्याचा तो ओला, बटाट्याचा, गोडसर चिवडा. डबा टेबलावर ठेवून प्रत्येकाला चमचा दिला आणि म्हणाल्या, "एकेक चमचा घ्या आणि मनुका मोजा." हिशेबनिसाच्या चमच्यात एकही मनुका नव्हती. माझ्यात दोन होत्या. मेहुलभाईंनी चमचा तळापर्यंत घातला, त्यात मनुकाच मनुका आल्या.

"आता सांगा," नलूताई म्हणाल्या, "डब्यात मनुका किती?"

सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. "भाताचं ठीक आहे हो. तो एका पातेल्यात शिजतो. शेत एका पातेल्यात शिजत नाही. बांधाजवळ गुरं बसतात, लिंबाखाली पाला पडतो, खोलगटात गाळ साचतो. किती चमचे घेतले म्हणजे डबा कळेल, ते मला शोधू द्या. कमीत कमी किती, तेही शोधते. पण एक नाही."

त्यांनी ते शोधलंही. महिनाभर एकाच शेतात इतके खड्डे केले की शेतकऱ्याने विचारलं, "बेन, धन शोधताय का?"

ते शेत रमणभाईंचं. डभोईच्या बाजूला, काळ्या मातीचं, कपाशीचं. रमणभाई कमी बोलणारे, त्यांच्या पत्नी सविताबेन त्यांची कसर भरून काढणाऱ्या. आमच्या कामासाठी रमणभाईंनी कपाशीच्या काड्या जाळणं सोडलं होतं. त्या बारीक करून शेणखताबरोबर मातीत घालत होते आणि नांगरट कमी केली होती. नलूताईंचं आणि सविताबेनचं लगेच जमलं. नलूताई मातीत एक लोखंडी कडं ठोकून त्यातली माती न दाबता न सांडता काढायच्या आणि तोलायच्या. सविताबेनना तो प्रकार कळेना. इतकी माती पडलेली असताना कड्यातलीच कशाला?

"तुमच्या घरी बाजरीच्या पिठाचा डबा आहे ना?" नलूताईंनी गुजरातीत विचारलं. "त्यात पीठ भुरभुर भरलं तर किती मावतं, आणि दाबून दाबून भरलं तर किती?"

"दाबून भरलं तर पुष्कळच."

"जमीन नांगरली की भुरभुरीत भरलेला डबा. मग तेवढ्याच खोलीत माती कमी, म्हणून कार्बनही कमी दिसतो. गेला कुठेच नसतो. म्हणून डबा कसा भरलाय ते आधी बघायचं."

सविताबेननी कडं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "मग शेवटी आमच्या मातीत आहे किती?"

"ते अजून मला माहीत नाही," नलूताई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या. तेव्हा ते हसण्यावारी गेलं.

प्रयोगशाळेतली तपासणी अशी असायची. तोललेली माती काचेच्या चंबूत घालायची. त्यात नारिंगी द्रावण, मग जपून ॲसिड. चंबू तापतो. निवल्यावर वरच्या नळीतून दुसरं द्रावण थेंब थेंब सोडायचं आणि चंबू हलवत राहायचं. आतला गढूळ रंग निळा-जांभळा होतो आणि मग एका थेंबाला झटकन हिरवा. तिथे थांबायचं. जितकं द्रावण कमी लागलं, तितका मातीत कार्बन जास्त. सगळी मदार त्या एका थेंबावर. नलूताई श्वास रोखून बघायच्या. चंबू हलवणारा त्यांचा उजवा हात आणि नळीच्या तोटीवरचा डावा हात, दोन वेगळ्या माणसांचे असावेत असे चालायचे.

दुसऱ्या वर्षी आमच्या सगळ्या शेतांत कार्बन वाढलेला दिसला. थोडा नव्हे, चांगला. यंत्रही तेच सांगत होतं. सगळ्यात जास्त वाढ रमणभाईंच्या शेतात. मेहुलभाई हरखले. तालुक्याच्या गावी हॉल घेऊन कार्यक्रम केला, रमणभाईंना शाल आणि नारळ दिला, फोटो काढले. नलूताईंना भाषण करायला सांगितलं तर त्या उठून म्हणाल्या, "आकडे छान आलेत. इतके छान का आले ते कळल्यावर मी बोलेन." लोकांना तो विनय वाटला. टाळ्या पडल्या.

त्याच सुमारास त्या ट्यूबलाइटबद्दल कुरकुर करायला लागल्या. "या नळ्या पिवळ्या पडल्यात. बदला." शिपायाने बदलल्या. पुन्हा काही दिवसांनी, "याही पिवळ्याच आणल्यास?" मग भावाने एक दिवस धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा जास्त पिकलेला, म्हणून त्याचं ऑपरेशन आधी झालं.

सुटीनंतर काळा चष्मा लावून त्या परत आल्या, तो आत आल्यावर काढला आणि माझ्याकडे बघतच राहिल्या.

"केतकी, हा तुझा ड्रेस जांभळा आहे?"

"हो. का?"

"अगं, मी इतके दिवस चॉकलेटी समजत होते!"

त्या दिवशी त्यांचा उत्सव होता. भिंत पांढरी, कोट पांढरा, मीठ पांढरं. डबा उघडून भातसुद्धा बघून घेतला. मग त्या कामाला बसल्या. मी माझ्या टेबलावर होते. थोड्या वेळाने त्यांची हाक आली, नेहमीच्या आवाजात नाही.

"इकडे ये. हा रंग कुठला?"

चंबूत काळ्या मातीचं पाणी होतं. "निळा," मी म्हटलं. "गढूळ निळा."

त्यांनी डावा डोळा हाताने झाकला. "मलाही निळा दिसतो." मग हात बदलून उजवा झाकला. "आता हिरवा दिसतो." पुन्हा बदलला. "निळा." पुन्हा. "हिरवा."

मग त्या स्टुलावर बसल्या. मला अजून काही कळलं नव्हतं.

"मी आधीच थांबत होते," त्या म्हणाल्या. "हिरवा व्हायच्या आधीच मला हिरवा दिसत होता. आधी थांबलं की द्रावण कमी लागतं. कमी लागलं की कार्बन जास्त."

"पण रोज तुम्ही माती न घालता एक चंबू करून बघायचात ना? चूक धरायला?"

"तो पारदर्शक असतो गं. त्यात मला बरोबर दिसायचं. लोचा मातीच्या गढूळ चंबूतच होत होता." त्यांनी पुन्हा एक डोळा झाकला. "पहिल्या वर्षी डोळे बरे होते. दुसऱ्या वर्षी बिघडले. म्हणजे माती सुधारली नाही, मी बिघडले. किंवा दोन्ही झालं. थांब... मी गोंधळले."

यंत्र तर दर वर्षी त्यांच्याच आकड्यांवरून शिकलेलं. मेहुलभाईंना हे सांगितलं तेव्हा ते त्या यंत्राकडे बघून म्हणाले, "म्हणजे यालाही मोतियो आला."

मेहुलभाई चिडले नाहीत, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "वाढ दिसली त्यात तुमची किती आणि मातीची किती?" प्रश्न सरळ होता. दुसऱ्या वर्षीची माती बरण्यांत भरून ठेवलेली होती. ती उजव्या डोळ्याने पुन्हा तपासली की त्या वर्षाचा खरा आकडा मिळणार. पण पहिल्या वर्षीची माती प्रयोगशाळेची खोली बदलताना टाकून दिली होती. त्या वर्षाचे फक्त आकडे होते, आणि ते नलूताईंच्या तेव्हाच्या डोळ्यांनी काढलेले. ते डोळे तेव्हा कितपत चांगले होते, हे कोण सांगणार?

मेहुलभाईंनी काही बरण्या दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवल्या. तिथे माती भट्टीत जाळून कार्बन मोजतात. त्यांचा आकडा आमच्या दोन्ही आकड्यांपेक्षा, जुन्या आणि उजव्या डोळ्याने नव्याने काढलेल्या, मोठा आला. आम्ही तासभर खूश होतो. मग नलूताईंनी एका बरणीतल्या मातीवर ॲसिडचा थेंब टाकला. माती फसफसली. "चुनखडी," त्या म्हणाल्या. "भट्टीत चुन्यातलाही कार्बन बाहेर पडतो. तो काड्याशेणाचा नाही, तो पहिल्यापासूनचाच आहे." आता आमच्याकडे एकाच मातीचे तीन आकडे होते.

याच काळात नलूताईंनी ती गोष्ट केली, जिच्याबद्दल मी आजही कधी एका बाजूने तर कधी दुसऱ्या बाजूने बोलते. त्यांनी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करायला नकार दिला.

"डॉक्टर म्हणाले, डावा उजव्याच्या मागे आहे," त्यांनी मला समजावलं. "म्हणजे उजवा पूर्वी जसा होता, तसा डावा आज आहे. याच्याने तपासलं की तेव्हा माझी किती चूक होत होती ते निघेल. हा काढून टाकला तर ते कधीच निघणार नाही."

मग सुरू झालं. प्रत्येक बरणीतली माती दोनदा तपासायची, एकदा उजव्याने, एकदा डाव्याने. झाकायला रुमालाची पट्टी केली होती. बरण्यांमागून बरण्या झाल्या, आठवडे गेले. त्यांच्या भावाचा मला फोन आला. "तुमच्या ऑफिसने तिला काय सांगितलंय? डॉक्टर ओरडतात, मोतीबिंदू फार पिकला तर त्रास होईल. ती म्हणते, अजून माझं काम झालं नाही. हे काय चाललंय?" ऑफिसने काहीच सांगितलं नव्हतं.

एकदा गाडीत मी धीर करून म्हटलं, "नलूताई, पण डावा डोळाही रोज बदलतोच आहे ना? तुम्ही सुरुवात केलीत तेव्हाचा आणि आत्ताचा डोळा एक नाही. आणि तेव्हा तुम्ही दोन्ही डोळ्यांनी बघत होतात. एकट्या डाव्याने नाही."

गाडी थांबली, माणसं उतरली, चढली. त्या खिडकीबाहेर बघत होत्या, कुठल्या डोळ्याने कोण जाणे.

"मला माहीत आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "पण दुसरं माझ्याकडे काय आहे?"

मेहुलभाईंचं म्हणणं होतं, नक्की कळल्याशिवाय शेतकऱ्यांना काही सांगू नये. नलूताई म्हणाल्या, "नक्की कळेल तेव्हा सांगू म्हटलं तर कधीच सांगणार नाही." एका रविवारी त्यांनी मला स्कूटर काढायला लावली आणि आम्ही रमणभाईंकडे गेलो.

घरात समोरच्याच भिंतीवर शाल घेतलेला रमणभाईंचा फोटो होता. सविताबेननी "बेसो ने, बेसो" म्हणत खाट पुढे केली, चहा ठेवला. नलूताईंनी चहा यायचीही वाट पाहिली नाही. सगळं सांगितलं. डोळा, चंबू, निळा, हिरवा. समजेल असं सांगितलं. रमणभाई ऐकत होते. संपल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे माती सुधारली नाही?"

"तसं नाही. सुधारली असेल."

"म्हणजे सुधारली?"

"तसंही मी सांगू शकत नाही, रमणभाई. मातीत कार्बन फार सावकाश वाढतो. दोन वर्षांत जेवढा वाढला असेल, त्याच्यापेक्षा माझी चूक मोठी आहे. चुकीखाली तो झाकला गेलाय. असेल किंवा नसेल."

रमणभाई उठून फोटोपाशी गेले, तो सरळच होता तरी जरा हलवून सरळ केला आणि परत येऊन बसले.

"माझा मोठा भाऊ शेजारीच कसतो," ते म्हणाले. "तो काड्या पेटवतो, एका दिवसात शेत साफ. मी दोन वर्षं त्या काड्यांत राबलो. उधई, वाळवी लागली, मजूर मिळेना. भाऊ हसायचा. ही शाल मिळाली तेव्हा हसायचा थांबला." त्यांनी नलूताईंकडे पाहिलं. "आता त्याला काय सांगू?"

"खरं ते सांगा. मोजणाऱ्या बाईला दिसत नव्हतं."

"तो हसेल."

"हो," नलूताई म्हणाल्या. "हसेल."

सविताबेन चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्या मध्ये पडल्या, "पण बेन, पाऊस पडला की पाणी आता आमच्या शेतात मुरतं. आधी वाहून जायचं. मी डोळ्यांनी बघते ना!"

मला वाटलं, आता तरी नलूताई मान डोलावतील. निदान त्या घरासाठी. पण त्या म्हणाल्या, "सविताबेन, यंदा पाऊसही सावकाश पडला. भावाच्या शेतात मुरलं का, ते बघितलंत?"

सविताबेननी कप खाटेवर आपटल्यासारखा ठेवला. "तुम्ही आहात तरी कुणाच्या बाजूच्या?"

नलूताईंनी खरंच विचार केला. कपाळाला आठ्या पडल्या. चहा संपवला, नमस्कार केला आणि आम्ही निघालो. "आवजो", पुन्हा या, असं कुणी म्हटलं नाही.

परतताना शहरात शिरल्यावर त्या म्हणाल्या, भूक लागलीय. एका गाड्यावर आम्ही सेव-उसळ खाल्ली. त्यांनी वरून तिखट तर्री मागून घेतली, दोन पाव जास्त घेतले, व्यवस्थित जेवल्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तर्री जहाल होती, हे खरं.

पुढचं भराभर घडलं. जिना उतरताना शेवटची पायरी त्यांना दिसली नाही, मनगट मोडलं. भावाने मग कुणाचं काही ऐकून घेतलं नाही. प्लास्टर असतानाच डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करून टाकलं. मी भेटायला गेले तर त्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. "माझी मोजपट्टी काढून टाकली त्यांनी," म्हणाल्या. भाऊ माझ्याकडे बघत होता. त्याचं चुकलं असं मला म्हणता येईना, आणि त्यांचं चुकलं असंही.

मेहुलभाईंनी परदेशातल्या लोकांना सगळं कळवलं. त्यांनी पहिलं वर्ष रद्द धरलं. दुसरं वर्ष, नव्याने तपासलेलं, तीच आता सुरुवात. म्हणजे मातीत कार्बन वाढला की नाही, ते कळायला आणखी काही वर्षं. काही शेतकरी थांबले, काही निघून गेले. कंपनीने रंग स्वतः ओळखणारं यंत्र आणलं. नलूताईंना मेहुलभाईंनी मानाने निरोप दिला, पाया पडले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांची खुर्ची रिकामी झाली. काही दिवसांनी ते मला म्हणाले, "केतकीबेन, त्या गप्प राहिल्या असत्या तर कुणालाच कळलं नसतं." ते कौतुक होतं की तक्रार, ते मी विचारलं नाही. त्यांनाही माहीत नसावं.

रमणभाईंच्या घरात मात्र भांडण झालं. रमणभाई म्हणाले, पुन्हा काड्या जाळणार. सविताबेन म्हणाल्या, मुळीच नाही. शेवटी शेताचे दोन भाग झाले. रस्त्याकडचा अर्धा त्यांचा, आतला अर्धा सविताबेनचा. याने जाळायचं, तिने गाडायचं. हे मला नलूताईंकडूनच कळलं, कारण सविताबेननी त्यांना फोन करून बोलावलं होतं. एवढं बोलून झाल्यावरही! का बोलावलं, हे मी नलूताईंना विचारलं. "तिला मोजून हवंय," त्या म्हणाल्या. "दोन्ही भाग. दिरांचं शेतही."

मला पुण्याला नोकरी लागली होती. निघायच्या आधी एकदा त्यांना भेटावं म्हणून मी त्या दिवशी त्यांच्याबरोबर गेले. कंपनी नाही, गाडी नाही, आम्ही एसटीने गेलो. त्यांच्या पिशवीत रिकाम्या बरण्या होत्या आणि ते लोखंडी कडं. बांधावर सविताबेन वाट बघत होत्या. रमणभाई आपल्या भागाच्या लांबच्या टोकाला, पाठ करून काम करत होते.

नलूताईंनी बरण्या आणि कडं सविताबेनच्या हातात दिलं.

"तुम्हीच काढा. कुठून काढायची, तुम्ही ठरवा. तुमच्या भागातून, त्यांच्या भागातून, दिरांच्या शेतातून. बरणीवर तुम्हालाच कळेल अशी खूण करा. मला सांगू नका."

"का?"

"कुठली कुणाची ते मला कळलं, तर रंग बघताना माझा हात वळेल. तुमच्याकडे वळेल, मला माहीत आहे."

सविताबेननी त्यांच्याकडे जरा रोखून पाहिलं, पदर खोचला आणि त्या शेतात उतरल्या. माझी परतीची बस दिसत होती. मी नलूताईंना वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मातीचाच. मी पळत जाऊन बस पकडली आणि मागची खिडकी गाठली.

नलूताई शेताकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांच्या मागे सविताबेन कडं ठोकत होत्या, ठोक्याचा आवाज बसपर्यंत येत होता. नलूताईंचं तोंड सरळ माझ्याकडे होतं. मी हात हलवला. त्या हलल्या नाहीत. मी खिडकीतून बाहेर वाकून दोन्ही हात हलवले, "नलूताई!" अशी हाकही मारली. त्या तशाच, सरळ, दोन्ही हात बाजूला सोडून उभ्या. मला वाईट वाटलं, आणि मग बस वळणावर जरा जवळून गेली तेव्हा दिसलं. त्यांनी दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले होते.